‘शेवटी धूमकेतूच निघाला’ – यातल्या ‘च’वर माझा आक्षेप आहे

आकाशवाचक

गेले काही महिने एकच वाक्य कानावर पडतंय: शेवटी धूमकेतूच निघाला ना! मी विज्ञानकथा वाचतो हे ज्यांना माहीत आहे ते सगळे हे मला आवर्जून ऐकवतात, जणू ३आय/अ‍ॅटलास हा आकाशातला पाहुणा, ज्याला काही जण परग्रहावरचं यान म्हणत होते, यान नव्हता म्हणून माझा हिरमोड झाला असणार. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तो धूमकेतू आहे यात जेवढी विज्ञानकथा आहे, तेवढी तो यान असण्यात नव्हती. आणि ‘यान, यान’ म्हणत सुटलेल्यांनी आपल्यासारख्या वाचकांचंच सगळ्यात जास्त नुकसान केलं.

ज्यांनी बातम्या अर्धवट पाहिल्या त्यांच्यासाठी थोडक्यात. १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला तो दिसला. दुसऱ्या ताऱ्याकडून येऊन आपल्या सूर्यमालेतून आरपार निघून जाणारा हा आपल्याला माहीत असलेला तिसराच पाहुणा. पहिला २०१७चा ओउमुआमुआ, दुसरा २०१९चा बोरिसोव. सूर्यमालेत शिरताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर होता, त्यामुळे सूर्य त्याला धरून ठेवणं शक्यच नव्हतं. ऑक्टोबरच्या अखेरीस तो सूर्याला वळसा घालून गेला, १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, तेही सुमारे २७ कोटी किलोमीटरवरून. आता तो चाललाय. परत येणार नाही.

मला ज्या बातमीनं रात्रभर जागं ठेवलं ती यातली नाही. २४ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीला त्याच्या दिशेनं १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर नोंद मिळाली. बातमी फुटली तसे मथळे झळकले की त्याच्याकडून रेडिओ संदेश आला. तो आलेख नीट बघा. रेघ वर उसळलेली नाही, दोन ठिकाणी खाली खचलेली आहे. म्हणजे तिथून काही पाठवलं गेलं नव्हतं, उलट त्या दोन जागी लहरी शोषल्या गेल्या होत्या. सूर्यप्रकाशानं पाण्याचा रेणू फुटला की हायड्रॉक्सिल (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन) उरतं, आणि नेमक्या याच दोन जागी लहरी गिळणं ही त्याची ओळख आहे.

आता ही गंमत बघा. परग्रहवासीयांनी साद घातलीच तर ती कुठे ऐकायची, याचा विचार शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता. हायड्रोजनची खूण १४२० मेगाहर्ट्झला, हायड्रॉक्सिलच्या खुणा १६६०च्या आसपास, आणि मधला पट्टा रेडिओच्या दृष्टीनं बराच शांत. हायड्रोजन अधिक हायड्रॉक्सिल म्हणजे पाणी. म्हणून त्या पट्ट्याला नाव पडलं ‘वॉटर होल’, पाणवठा. रानातले सगळे प्राणी जसे पाणवठ्यावर येतात तशा निरनिराळ्या संस्कृती तिथे एकमेकींना भेटतील, ही त्यामागची कल्पना. आणि त्या पाणवठ्याच्या काठावर आपल्याला काय सापडलं, तर खरोखरचं पाणी! दुसऱ्याच कुठल्यातरी ताऱ्याभोवती गोठलेलं, कदाचित आपल्या सूर्यापेक्षाही जुनं, आपल्या सूर्याच्या उबेनं पहिल्यांदाच मोकळं झालेलं.

हे मला कुठल्याही यानापेक्षा मोठं वाटतं. तुम्हाला?

रात्रपाळी

पाण्याची गोष्ट सुंदर सांगितलीत, पण मूळ मुद्द्याशी पूर्ण असहमत.

तुम्ही मीरकॅटच्या आलेखापर्यंत पोचलात, मान्य. बाकीचे लाखो लोक त्या धूमकेतूपर्यंत कशामुळे पोचले? ‘यान आहे का?’ या प्रश्नामुळेच. २०१९चा बोरिसोव कुणाला आठवतोय? तोही दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला, तोही बर्फ आणि धूळ उधळणारा. सरळ साधा धूमकेतू होता म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

शिवाय हार्वर्डचे अ‍ॅव्ही लोब, ज्यांच्यावर सगळे तुटून पडले, ते स्वतःही तो नैसर्गिक असण्याचीच शक्यता जास्त असल्याचं म्हणत होते. त्यांनी दुसरी शक्यता टेबलावर ठेवली, एवढंच. १९६७मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना आकाशातून दर १.३ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद सापडले तेव्हा त्यांच्या गटानंही त्या स्रोताला ‘छोटी हिरवी माणसं’ अशा अर्थाचं नाव दिलंच होतं. तो निघाला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा मृत तारा. म्हणून त्यांनी अशी शंका घेणं चुकलं असं आपण म्हणतो का?

आणि निकेलचं काय? निकेलची वाफ दिसली आणि लोखंड दिसलं नाही, हे विचित्र नव्हतं का?

रसायनी

निकेलपुरतं बोलतो. विचित्र वाटलं खरं, पण नवं नव्हतं. २०२१मध्येच सूर्यमालेतल्या धूमकेतूंच्या वायूत आणि बोरिसोवमध्येही निकेल सापडलं होतं, तेसुद्धा सूर्यापासून इतकं दूर की तिथल्या थंडीत धातूची वाफ होणं शक्य नाही. ते कुठल्यातरी सहज विघटन होणाऱ्या संयुगातून सुटत असावं. अ‍ॅटलास सूर्याच्या जवळ आला तसं लोखंडही दिसलं.

खरं विचित्र दुसरंच आहे. जेम्स वेब दुर्बिणीनं ऑगस्टमध्ये पाहिलं तेव्हा त्याच्या वायूत पाण्याच्या जवळपास आठपट कार्बन डायऑक्साइड होता. आपल्या धूमकेतूंत असं प्रमाण फार क्वचित आढळतं. तो कुठे जन्मला, किती काळ वैश्विक किरणांचा मारा खात फिरला, याची सगळी हकिकत त्या आकड्यात दडलेली आहे. त्यावर चर्चा झालीच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकाशवाचक

रात्रपाळी, बेल यांचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या गटानं ते नाव आपापसात ठेवलं. आधी उपकरणातला दोष तपासला, पृथ्वीवरचा हस्तक्षेप तपासला. डिसेंबरमध्ये आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात तसाच दुसरा स्रोत मिळाला आणि ‘हिरवी माणसं’ बाद झाली. १९६८च्या फेब्रुवारीत निबंध छापून आला तो या सगळ्यानंतर. शंका घ्यायला माझी हरकत कधीच नव्हती. शंका आधी बाजारात नेली आणि तपासणी मागून आली, याला आहे.

मोजपट्टी

मला धागाकर्ता आणि रात्रपाळी दोघांशीही भांडायचंय.

आकाशवाचक, तुमचाही आधार शेवटी रोमांच हाच आहे. त्यांना यानानं काटा येतो, तुम्हाला जुन्या पाण्यानं. पण मोजमापाला आपल्या अंगावरच्या काट्याशी काही देणंघेणं नसतं, आणि विज्ञानकथेच्या चष्म्याचा हाच धोका आहे: जे आपल्याला हवं असतं ते आधी दिसतं.

एप्रिल २०२५ आठवा. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड असल्याचा दावा केंब्रिजच्या गटानं केला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात, त्यामुळे आपल्यापैकी कितीतरी जणांनी जीवसृष्टी सापडल्यासारखा आनंद केला. दावा होता तीन सिग्माचा, म्हणजे तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता हजारात तीन. शोध लागला असं म्हणायला ती दहा लाखांत एकाहूनही कमी लागते. इतर गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीनं तपासली तर तो संकेत भक्कम उरला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाच वायू ६७पी या धूमकेतूतही सापडलेला आहे, जिथे जिवंत असं काही नाही.

आता यानवाल्यांसाठी. २ ऑक्टोबरला मंगळाभोवतीच्या यानातल्या हायराइज कॅमेऱ्यानं अ‍ॅटलासचं छायाचित्र घेतलं. अमेरिकी सरकारचं कामकाज तेव्हा बंद होतं, म्हणून ते १९ नोव्हेंबरला प्रसिद्ध झालं आणि मधल्या काळात ‘फोटो दडपले’ म्हणून गदारोळ झाला. काय होतं त्यात? एक धूसर पांढरा ठिपका. त्यातला एक पिक्सेल म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांनुसार धूमकेतूचं केंद्रक, म्हणजे मधला घन गोळा, जास्तीत जास्त ५.६ किलोमीटर. म्हणजे अख्खं केंद्रक एका पिक्सेलच्या कोपऱ्यात मावतं. त्यात कुणाला खिडक्या दिसणार होत्या?

आकाशवाचक

के२-१८बीच्या वेळी मीही त्या आनंद करणाऱ्यांत होतो. ६७पीचं वाचलं तेव्हा गप्प झालो. तुमचा घाव बरोबर बसला आहे.

तरी चष्मा काढून ठेवा हे मला पटत नाही. हायड्रॉक्सिलची नोंद मी आधी फक्त एक आकडा म्हणून वाचली आणि पुढे गेलो. थांबलो ते पाणवठा आठवला म्हणून, आणि तो मला विज्ञानकथांमुळे माहीत होता. हवं ते दिसतं हे खरं. पण ज्याला काहीच नको असतं त्याच्या नजरेतून बरंच निसटतं, हेही खरं.

उत्तररात्र

मोजपट्टी यांच्या मुद्द्याला एक उत्तर आपल्याच भाषेत आहे. जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस, आणि जीवसृष्टीची बीजं अवकाशातून येत असावीत या कल्पनेची मनापासून ओढ असलेला. त्यांनी काय केलं? ही कल्पना तपासायला २००५मध्ये हैदराबादहून बलून सोडला गेला, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने बंद नळकांड्यांतून खाली आणले गेले आणि दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले गेले. जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यातल्या एकीला आर्यभटाचं नाव मिळालं, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं, एकीला इस्रोचं.

एवढं हाती लागल्यावर दुसऱ्या कुणी काय मथळा दिला असता! २००९मध्ये इस्रोनं निष्कर्ष जाहीर केला तेव्हा हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही, असं त्यातच स्पष्ट म्हटलं होतं. चष्मा होता, आणि हात तरीही सरळ होता. मे २०२५मध्ये ते गेले. जुलैत आलेल्या या पाहुण्यावर त्यांनी काय लिहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

रात्रपाळी

नारळीकरांपुढे मी वाद घालणार नाही. पण बोरिसोवचं उत्तर मला कुणीच दिलं नाही. लोकांनी बघायला हवं, तर त्यांना हाक कशी मारायची?

आकाशवाचक

बोरिसोव शोधला गेन्नादी बोरिसोव या हौशी निरीक्षकानं, क्रिमियात, स्वतः बनवलेल्या ६५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून. जगातल्या मोठमोठ्या सर्वेक्षणांच्या आधी त्यानं एकट्यानं दुसऱ्या ताऱ्याचा पाहुणा पकडला. ही हाक पुरेशी नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? ती कुणी मारलीच नाही, आपणसुद्धा नाही.

रात्रपाळी

पुरेशी आहे की नाही ते आजमावून बघायला लागेल. मला अजूनही वाटतं की ‘यान’ या शब्दाइतकी माणसं ती ओढणार नाही. पण ही गोष्ट मला माहीत नव्हती.

मोजपट्टी

आजमावायची वेळ लांब नाही. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं जून २०२५मध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या, तेव्हा जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह पकडले होते. असे पाहुणे आता जास्त सापडतील. युरोपची ‘कॉमेट इंटरसेप्टर’ मोहीम २०२९च्या सुमारास निघायची आहे. ते यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन थांबणार, कुणाला भेटायचं ते न ठरवता. योग्य वाटेवर एखादा नवा धूमकेतू दिसला की त्याच्याकडे निघणार, आणि तो दुसऱ्या ताऱ्याचाही असू शकतो.

आकाशवाचक

कुणाला भेटायचं ते न ठरवता जाऊन थांबणारं यान! मोजपट्टी, तुम्ही हे मोजमाप म्हणून सांगितलंत, पण मी आज रात्री पुन्हा झोपणार नाही.