‘बालेकिल्ला’ कशाला म्हणावे? : व्हर्जिनिया बीचच्या मतदानाच्या निमित्ताने

प्रश्न : अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच या शहराने १९६८ पासून २०१६ पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. २०२० मध्ये तेथे बायडेन यांना आघाडी मिळाली, ती १९६४ मधील लिंडन जॉन्सन यांच्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाला प्रथमच. यावरील लेखासाठी ‘लष्करी शहरातील बालेकिल्ला ढासळला’ असे शीर्षक एका स्नेह्यांनी सुचवले आहे. हे शब्द योग्य आहेत का?

प्रतिसाद : ‘बाला’ म्हणजे वरचा; हा शब्द फारसीतून आला. राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आहेत आणि त्यांच्या मधोमध, सर्वांत उंचावर बालेकिल्ला आहे. माच्या शत्रूच्या हाती गेल्या तरी लढत राहता यावे, यासाठी ती जागा; म्हणजे बालेकिल्ला सर्वांत शेवटी पडतो. वृत्तपत्रांनी मात्र ‘जेथे एखादा पक्ष सतत जिंकतो ती जागा’ एवढाच अर्थ शिल्लक ठेवला आहे. दीर्घकाळ ताब्यात असणे वेगळे आणि अभेद्य असणे वेगळे. १९८४ मध्ये रेगन यांना या शहरात सत्तर टक्क्यांहून अधिक मते पडली, तेव्हा त्याला बालेकिल्ला म्हणणे शोभले असते. २००८ मध्ये मॅकेन यांची आघाडी एका टक्क्याहूनही कमी होती आणि २०१६ मध्ये ट्रम्प जिंकले ते निम्म्याहून कमी मतांवर. तटाला इतके मोठे भगदाड पडल्यावर त्या जागेला फार तर ‘गड’ म्हणावे.

दुसरा प्रतिसाद : वरील मत मला पूर्णपणे पटत नाही. २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्य १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले, तरीही हे शहर, निसटत्या मतांनी का होईना, रिपब्लिकन राहिले. राज्य गेल्यावरही पुढील दोन निवडणुकांत जी जागा टिकली, तिला आपल्याच व्याख्येने बालेकिल्ला का म्हणू नये?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर : मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्या राज्याचा नैऋत्येकडील डोंगराळ, कोळसा खाणींचा भाग पाहावा. तेथे रिपब्लिकन पक्षाचे मताधिक्य याच काळात वाढत गेले. सर्वांत शेवटी पडणारी जागा शोधायची तर ती तेथे सापडेल, समुद्रकिनाऱ्यावर नव्हे. गंमत अशी की, खाणकामगारांचा हाच मुलूख एकेकाळी डेमोक्रॅटिक पक्षाचा मानला जात असे.

तिसरा प्रतिसाद : मला ‘लष्करी’ हे विशेषण अधिक खटकते. मराठीत लष्कर म्हटले की भूदल डोळ्यांपुढे येते. पुण्यातील कॅम्पलाही जुने लोक ‘लष्कर’च म्हणतात. व्हर्जिनिया बीचची ओळख मुख्यतः नौदलाची आहे. ओशियाना येथे नौदलाच्या लढाऊ विमानांचा तळ आहे आणि शेजारच्या नॉरफोकमध्ये जगातील सर्वांत मोठा नौदल तळ. शिवाय हे विशेषण कारणही सुचवते, जणू गणवेश आहे म्हणून मत रिपब्लिकन. मग कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या त्याच नॉरफोकमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना सत्तर टक्क्यांच्या आसपास मते कशी पडतात? शिवाय तळावर राहणारा प्रत्येक सैनिक तेथील मतदार असतोच असे नाही. त्याला आपल्या मूळ राज्यातील कायदेशीर वास्तव्य कायम ठेवून टपालाने तिकडे मत देता येते. स्थानिक निकालावर नोकरी संपवून तेथेच स्थायिक झालेल्यांचा आणि त्यांच्या कुटुंबांचाही प्रभाव असतो. शहरातील मोठा फिलिपिनो समाज याच वाटेने आला. १९४७ च्या करारानंतर अमेरिकी नौदल फिलिपिन्समध्ये थेट भरती करत असे आणि अनेक वर्षे त्या तरुणांना अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षातील सेवकाचेच काम दिले जाई. त्यांची मुले-नातवंडे आज तेथील मतदार आहेत आणि ‘लष्करी शहर’ या दोन शब्दांत ती कोठेच दिसत नाहीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘ढासळला’ हे क्रियापद तरी ठेवावे का?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर : क्रियापदाला माझी हरकत नाही. बुरूज ढासळतो तो एकेक दगड निखळून, आणि रेगन यांच्यानंतरच्या निवडणुकांत साधारणपणे तसेच घडले. पण बालेकिल्ला वगळला की ढासळायला काही उरत नाही. ‘नौदलाच्या शहरात ५६ वर्षांनी डेमोक्रॅटिक कौल’ असे सरळ शीर्षक द्यावे.