ग्राफीनची बॅटरी म्हणतायत, पण वजनाला धोंडा. घ्यावी का?

डबेवाली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. माझे घरगुती डबे आहेत, रोजचे बावीस, सगळे माझ्याच इलेक्ट्रिक स्कूटरवरून जातात. लायसन्स न लागणारी, पंचविसाच्या पुढे न पळणारी, ती. घेतली तेव्हा एका चार्जिंगमध्ये पन्नास किलोमीटर आरामात जायची. आता भुसारी कॉलनीचा चढ लागला की बॅटरीच्या कांड्या पटापट पडतात, मी ढकलत जाते आणि डबे गार.

नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, "ताई, सेट गेला. ग्राफीनचा टाका, लेटेस्ट आहे, लिथियमच्या निम्म्यात." साठ व्होल्ट, बत्तीस एएच (ॲम्पिअर-अवर), पाच खोकी. एक उचलून बघितलं तर मनगट भरून आलं. मुलगा अकरावी सायन्सला आहे. तो म्हणतो, ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. मग खोक्यात पापुद्रा आहे की पाटा-वरवंटा?

नवी_पेठ_जुना_मेंबर

पावतीवर 'ग्राफीन' लिहून द्या म्हणावं. चेहरा बघण्यासारखा होईल.

पाषाणचा_पीएचडी (चौथं वर्ष. सबमिशन कधी, हे विचारू नये)

ताई, स्टिकर अगदीच खोटा नसेल, पण ते खोकं आधी काट्यावर ठेवा. दहा किलोच्या आसपास भरलं तर आत शिसं आहे. ६० गुणिले ३२ म्हणजे १९२० वॉट-अवर. पन्नास किलोत एवढंच, म्हणजे किलोला जेमतेम ३८. हा आकडा लेड-ॲसिडचा, म्हणजे शिशाच्या बॅटरीचा. तेवढाच लिथियमचा पॅक साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात बसतो.

लेड-ॲसिडच्या निगेटिव्ह प्लेटमध्ये थोडा कार्बन घालतात, त्यात कुणी चिमूटभर ग्राफीनही घालतं. उपयोग होतो. बॅटरी अर्धवट चार्ज राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे धरतात, मग ते काही केल्या विरघळत नाहीत. कार्बनमुळे हे लांबतं. पण तेवढ्यावर ती ग्राफीनची बॅटरी होत असेल, तर तुमची आमटी हिंगाची झाली! आपल्या शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. आणि या ग्राफीन बॅटरीत सगळं शिसंच.

मुलाचं बरोबर आहे. ग्राफाइट म्हणजे ग्राफीनचे थरावर थर, चिरोट्यासारखे. त्यातला एक पापुद्रा गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टरला चक्क चिकटपट्टीने सोडवला, २०१० चं नोबेल मिळवलं. मोबाइलच्या बॅटरीत ग्राफाइट त्याआधीपासून आहे. चार्ज करताना लिथियम थरांच्या मध्ये जाऊन बसतं, सहा कार्बनमागे एक, म्हणून ग्रॅमला ३७२ मिलिॲम्पिअर-अवरची मर्यादा. लोकांना वाटलं, थर सुटे केले तर लिथियम दोन्ही अंगांना बसेल. बसतं हो. पण उघडा पृष्ठभाग वाढला की त्यावर इलेक्ट्रोलाइटची (बॅटरीतल्या द्रावाची) साय धरते, आणि पहिल्याच चार्जिंगला बरंचसं लिथियम त्या सायीत कायमचं अडकतं. शिवाय सुटे पापुद्रे वाळवताना परत एकमेकांना चिकटतात. गरम पोळ्या तूप न लावता रचल्या की काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार.

माझं काम मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर. तेही थरांचंच, पण दोन थरांतलं अंतर ०.६२ नॅनोमीटर, ग्राफाइटचं ०.३३५. म्हणून सोडियमही आत शिरतं, जे ग्राफाइटमध्ये धड शिरत नाही. (सोडियमवर पुण्यातही काम चालतं. केपीआयटी कंपनीने आयसर या संशोधन संस्थेबरोबर केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं.) लिथियमबरोबर कागदावर ग्रॅमला ६७० मिलिॲम्पिअर-अवर मिळतात. मात्र पार खाली डिस्चार्ज केलं की थरच मोडतात, मॉलिब्डेनम एकीकडे, लिथियम सल्फाइड दुसरीकडे, आणि पुढे कपॅसिटी घसरत जाते. ग्राफीनचा खरा उपयोग अशा ठिकाणी, कोठार म्हणून नाही, तर वायर आणि वेष्टण म्हणून. सिलिकॉन लिथियम घेताना तिपटी-चौपटीने फुगतं आणि तडकतं. त्याला ग्राफीन गुंडाळलं की तुकडे झाले तरी वीज पोचत राहते.

ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात काळा लगदा तांब्याच्या फॉइलवर फासायचा, चकत्या पाडायच्या आणि आर्गॉन भरलेल्या पेटीत रबरी हातमोज्यांतून २० मिलिमीटर व्यासाचा सेल बांधायचा. परवा चिमट्यातून सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पडदा) तिरका पडला, सेल शॉर्ट. नाक खाजलं तरी हात बाहेर काढता येत नाही. यावर स्कूटर चालायला वेळ आहे.

डबेवाली_कर्वेनगर

छान समजलं. पण घेऊ का नको? थोडक्यात सांगा, कणीक मळायची आहे.

पाषाणचा_पीएचडी

आत्ता नको. जुन्या सेटमधल्या पाचही बॅटऱ्या सीरिजमध्ये, म्हणजे एकीला पुढची जोडून आहेत, एक मेली तरी सगळा सेट गेल्यासारखा वाटतो. प्रत्येक वेगळी लोडवर तपासून घ्या. आणि पुढे लिथियम घेतलीत तर चार्जरही त्याचाच घ्या, जुना लावू नका.

भोसरी_गॅरेज

सरांनी बरोबर सांगितलं. एकच खराब निघाली तर कोरी टाकू नका ताई, चार म्हाताऱ्यांबरोबर तीही लवकर बसते. त्याच एएचची, तेवढीच वापरलेली मागा, गॅरेजात पडलेली असते. आणि डबे पोचवून आलात की गाडी गार होऊ द्या, मग लगेच चार्जिंगला लावा. रात्रीवर ठेवू नका.

डबेवाली_कर्वेनगर

सगळ्यांना धन्यवाद. वारज्याच्या मेकॅनिककडे तपासलं. लोडवर चार खोकी साडेअकरा व्होल्टच्या वर राहिली, तिसरं ९.२ ला बसलं. त्याने त्या जागी त्याच्याकडचं एक वापरलेलं बसवून दिलं. आज भुसारी कॉलनीचा चढ मुलाला मागे बसवून चढले. हळू, पण न ढकलता.

मेलेलं खोकं घरी आणून धान्याच्या काट्यावर ठेवलं. ९ किलो ९००. सासूबाई ओरडल्या म्हणून काटा पुसायला घेतला, त्याच फडक्याने खोकंही पुसलं. धुळीखाली हिरवा स्टिकर निघाला. त्यावरही लिहिलंय, ग्राफीन.