रिझोल्यूशनला काय म्हणावं? विभेदन की पृथक्करण?

बडोदेकर: आमच्या मंडळाच्या भित्तिपत्रिकेसाठी दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या वातावरणावर एक पान लिहितोय. 'हाय रिझोल्यूशन स्पेक्ट्रोस्कोपी'ला, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून बारकाईनं तपासण्याला, काय म्हणू? ठराव, पृथक्करण, विभेदन, सगळंच सुचवून झालंय लोकांचं. मुलं गुजराती शाळेतली आहेत, तेही बघायला हवं.

दांडियाबाजार: ठराव नको, सभेत पास करून घ्यावा लागेल.

सुरसागर: 'विभेदन' घ्या. पृथक्करण म्हटलं की रसायनशाळा आठवते. इथे घटक वेगळे काढायचे नाहीत, वर्णपटात, म्हणजे फोडलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यात, खेटून असलेल्या दोन रेषा दोन म्हणून ओळखू यायला हव्यात. विभेदनक्षमता १ लाख असेल तर तरंगलांबीतला लाखात एक एवढा फरक कळतो. वेगाच्या हिशेबात तो सेकंदाला ३ किमी.

या पद्धतीत सगळं वेगावरच उभं आहे: वस्तू जवळ येत असेल तर तिच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. एचडी २०९४५८ बी हा ग्रह साडेतीन दिवसांत ताऱ्याला फेरी मारतो, सेकंदाला सुमारे १४० किमीनं. म्हणून काही तासांत त्याच्या रेषा सरकलेल्या दिसतात. आपल्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा मात्र जागच्या जागी. जे हलत नाही ते वजा करायचं. उरलेली एकेक रेषा गोंगाटात बुडालेली असते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडच्या पुष्कळ रेषांचा नमुना ताडून सगळ्यांचा मिळून संकेत काढतात. २०१० मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीतून हा वायू असाच सापडला. शिवाय त्या रेषा अपेक्षेपेक्षा सेकंदाला सुमारे २ किमीनं निळ्याकडे होत्या. ग्रहाच्या तापलेल्या बाजूकडून अंधाऱ्या बाजूकडे वारा वाहत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. एवढा बारीक फरक, विभेदन कमी असतं तर कळलाच नसता.

बडोदेकर: मग 'उच्च-विभेदन वर्णपटमापन' ठरलं. आणि ग्रहाला 'बाह्यग्रह' म्हणू?

रावपुरा: नको हो. बुध-शुक्र अंतर्ग्रह, मंगळापासून पुढचे बहिर्ग्रह असं शिकलेले वाचक गुरू-शनीच समजतील. 'परग्रह' म्हणाल तर मंगळही परग्रहच, वर परग्रहवासी चिकटून येतात. 'सौरबाह्य ग्रह' बोजड आहे, पण घोटाळा नाही. वर्णपट गुजरातीतही वर्णपटच, मुलांची काळजी सोडा.

दांडियाबाजार: आपल्या जवळचं काही घाला की. माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या पीआरएलचं (भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं) 'पारस-२' हे वर्णपटमापक आहे, विभेदनक्षमता लाखाच्या वर.

सुरसागर: घाला, पण वातावरणाच्या परिच्छेदात नको. ते ताऱ्याच्याच रेषांचं डोलणं मोजतं, त्यावरून ग्रहाच्या वस्तुमानाचा अंदाज येतो. आणि 'रेषांचं विस्थापन' लिहू नका, धरणग्रस्त डोळ्यांपुढे येतात. रेषा सरकली, बस.

बडोदेकर: निळ्याकडे सरकण्याला 'नीलसृती' चालेल? तांबड्याकडे सरकण्याला 'ताम्रसृती' हा शब्द वाचलेला आहे.

रावपुरा: चालेल. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.