न्यूटनची वलये: उत्तर चुकतंय, मदत हवी आहे

वैतागवाडी: प्रॅक्टिकलला न्यूटनची वलये आहेत: सपाट काचेवर भिंग ठेवून दिसणाऱ्या गोल वलयांचे व्यास मोजायचे आणि दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची. दोनदा रीडिंग घेतली, उत्तर काही केल्या येत नाही. मधला ठिपकाही काळा न येता उजळ येतोय. उद्या जर्नल दाखवायचंय. कुठे चुकत असेन? लवकर सांगा.

दुर्बीणवाला: येत नाही म्हणजे किती येतंय? दिवा कोणता?

वैतागवाडी: सोडियमच, दुसरा कोणता असणार? २३५० नॅनोमीटर येतंय, यायला हवं ५८९ च्या आसपास.

घनचक्कर: अवरक्त! तो दिवा तुम्हाला दिसला तरी कसा? 😀

जुना खेळाडू: बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई, दुसरं काही नाही. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवा. आम्ही डावीकडच्या विसाव्या वलयावरून निघून थेट उजवीकडच्या विसाव्यावर जायचो. मध्ये एक जरी वलय चुकून पुढे गेलं, तरी पुन्हा पहिल्यापासून. मान मोडायची.

दुर्बीणवाला: बॅकलॅशने उत्तर थोडं हलेल, चौपट होणार नाही. भिंगाची वक्रता त्रिज्या कुठून घेतली?

वैतागवाडी: १०० सेमी. लेन्सच्या डबीवर लिहिलंय.

भिंगरी: सापडलं! डबीवर नाभीय अंतर असतं. एक बाजू सपाट असलेल्या भिंगाचा अपवर्तनांक १.५ धरला, तर नाभीय अंतर त्रिज्येच्या दुप्पट. स्फेरोमीटर (वक्रता मोजायचं उपकरण) घ्या नि स्वतः मोजा.

दुर्बीणवाला: अहो, मग खरी त्रिज्या ५० आणि ह्यांनी घातली १००. त्रिज्या छेदात असते, उत्तर निम्मं यायला हवं. इथे फुगलंय.

भिंगरी: म्हणजे स्फेरोमीटर वापरूच नये असं म्हणायचंय का तुम्हाला?

दुर्बीणवाला: असं कोण म्हणालं?

सोनपिवळा: सोडियमच्या प्रकाशात दोन पिवळ्या रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. जर्नलमध्ये सरासरी ५८९.३ लिहा. व्हायवाला हमखास विचारतात.

पानपुसणी: अवांतर: न्यूटन प्रकाश कणांचा मानायचा आणि त्याच्याच नावाची वलये तरंगांच्या बाजूने साक्ष देतात. पातळ थरांतले रंग रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच ‘मायक्रोग्राफिया’ ह्या पुस्तकात वर्णिले होते. नाव मात्र न्यूटनचं.

घनचक्कर: हूकचं नशीबच तसं.

दुर्बीणवाला: इतिहास नंतर. ताई, रीडिंग आणि सूत्र इथे टाका.

वैतागवाडी: पाचव्या वलयाचा व्यास ३.४५ मिमी, पंधराव्याचा ५.९५. वर्गांचा फरक २३.५०, भागिले दहा, भागिले वक्रता त्रिज्या १००० मिमी. सूत्र मैत्रिणीच्या वहीतलं आहे, बरोबरच असेल.

दुर्बीणवाला: वहीतल्या सूत्रात वलयाचा व्यास आहे की वलयाची त्रिज्या?

वैतागवाडी: …त्रिज्या.

दुर्बीणवाला: व्यास घातलात तर छेदात ४ हवा.

वैतागवाडी: ५८७.५!! दोन दिवस गेले ह्यात. पण मग मधला ठिपका उजळ का? तोही माझाच घोळ?

जुना खेळाडू: खालून आलेला प्रकाश बघताय का?

वैतागवाडी: नाही, वरूनच.

दुर्बीणवाला: मग भिंग आणि काचेच्या मध्ये धूळ असेल. दोन्ही खरंच टेकली असतील, तर खालच्या काचेवरून परतताना प्रकाशाची कला (फेज) अर्ध्या तरंगाने बदलते आणि मध्ये काळं दिसतं. धुळीच्या कणाने भिंग उचललं की ते बिघडतं. त्या फटीचा वाटा वर्गांच्या फरकात कटून जातो, म्हणून उत्तर शाबूत राहिलं.

भिंगरी: तरी स्फेरोमीटरने एकदा मोजाच. डबीवर काय लिहिलंय त्याचा भरवसा नाही.