बागेतला 30 फुटी लोखंडी बैल: वैतागून लिहितोय

होल्डरवाला
काल एका गृहस्थांनी लिहिलं: "नांगराचे फाळ अन् ट्रॅक्टरचं भंगार जोडून बागेत 30 फुटी बैल उभा करणार म्हणे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही अन् यांना बैल सुचतोय. भंगाराला वेल्डिंग मारलं की झाली कला!"

शेवटच्या वाक्यासाठी खास बसलोय. उमेदीची सगळी वर्षं वाळूजला फॅब्रिकेशनमध्ये गेली माझी. 5 मिलीची प्लेट, चौरस मीटरला जवळपास 40 किलो. एका टोकापासून सलग वेल्ड करत गेलात की तापून पापडासारखी मुरडते, मग वशिंड कुठं अन् पाठ कुठं. म्हणून आधी नुसते टाके मारायचे, मग आलटून पालटून थोडं थोडं भरायचं. प्रत्येक थरावरचा स्लॅग, म्हणजे वर जमलेली मळीची खपली, हातोडीनं उडवायचा, तारेचा ब्रश मारायचा, मगच पुढचा थर. स्लॅग आत राहिला तर वरून शिवण कितीही देखणी दिसो, आतून ती कच्चीच. त्यात फाळ म्हणजे जास्त कार्बनचं पोलाद. न तापवता साध्या रॉडनं जोडलं तर शिवणीच्या कडेला केसाएवढी चीर पडते, तीही कधी कधी दुसऱ्या दिवशी. वेल्डिंगच्या झोतानं डोळे चुरचुरले म्हणून रात्री त्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपलाय का कधी? मग बोला.

राहिलं पाणी. बजेटात सुशोभीकरणाच्या शीर्षाखालचा पैसा टँकरला वळत नसतो. बैल नाही आला तर कारंजं येईल. कोरडं.

तहानलेला लातूरकर
ते मीच लिहिलंय, अन् परत लिहीन. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्या गावाला. माझी आई गुडघेदुखी घेऊन हंड्याच्या रांगेत उभी राहायची. तिला जाऊन सांगा, शीर्ष वेगळं असतं म्हणून.

होल्डरवाला
आईंबद्दल आदर आहे. पण दरवेळी रेल्वे आणली की वाद संपला, असं कसं चालेल राव?

देवणीवाला
पाण्याचं राहू द्या. बैल कोणता? चित्रात कान लांब अन् लोंबते, कपाळ फुगीर. म्हणजे देवणी जातीचा. अन् रंग म्हणे गंजाचाच ठेवणार! तांबडी देवणी कुणी बघितली? देवणीतला काळ्या तोंडाचा वानेरा काढा, काळ्या ठिपक्यांचा शेवरा काढा, अगदी पांढराफेक बालंक्या काढा.

कंधारी_86
तांबडा म्हणजे लाल कंधारी जातीचाच. चित्रकाराचे कान चुकले, रंग बरोबर आहे. औताला आमचाच बैल. तुमच्या देवणीत डांगी अन् गीरची भेसळ.

देवणीवाला
भेसळ? माळेगावच्या यात्रेत चार माणसांसमोर बोलून दाखवा हे. औत ओढून वर दूधही देणारी जात आहे आमची.

कंधारी_86
तुमच्याकडं बैल दूध देतात का? मग 30 फुटी उभाच करा, दुष्काळ मिटला.

देवणीवाला
तोंड सांभाळून. आजोबांनी दावणीची देवणी 72 च्या दुष्काळात विकली नाही, स्वतः उपाशी राहिले. थट्टा नका करू.

काळी_माती
जातीवरून डोकी फोडून झाली असतील तर पायाचं कुणी बोलणार का? जागेवर काळी माती आहे. पावसात फुगते, मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. माझ्या सासऱ्यांनी हौसेनं बांधलेलं कंपाउंड तीन पावसाळ्यांत तिरकं झालं, ते तर कमरेएवढंच होतं. मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय हा बैल उभा राहायचा नाही. वाऱ्याचंही बघा: बांधकामावरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस 875, त्यात संभाजीनगरला मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, ताशी 140 किलोमीटर. बैलाची अख्खी कूस त्याला आडवी.

अन् गंजाचा रंग ठेवणार म्हणे. शिकागोत पिकासोचं 50 फुटी शिल्प 1967 पासून उभंय, पण ते कॉर्टेन पोलाद. त्याचा गंज घट्ट धरून बसतो. आपल्या भंगाराचे पापुद्रे सुटत राहतात. मालवणचा शिवरायांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला, 26 ऑगस्ट 2024 ला पडला. तेव्हाही आधी कौतुकच चाललं होतं.

होल्डरवाला
पाया अन् वारा, ठीक आहे. पोटाखाली पाणी निघायला भोकं, आतून झिंकचा प्रायमर, वर इपॉक्सी, हे सगळं मी लिहिणारच होतो. तुम्हाला घाई झाली. गंजाच्या रंगाचा हट्ट मात्र सोडावा लागेल, ते मान्य.

बीडची_माई
देवणी असो की कंधारी, मे महिन्यात पोरगं टेकलं तर चटकाच बसणार. लोखंडी घसरगुंडीवर नातवाची मांडी भाजली, आठ दिवस मलम लावलं. भोवती आधी सावलीला कडुलिंब लावा, मग बैल.

तहानलेला लातूरकर
अन् त्या लिंबांना पाणी?

देवणीवाला
गंज गेला ना? मग रंग देणारच आहात तर पांढऱ्यावर काळे ठिपके टाका. शेवरा. विषय संपला.

कंधारी_86
कशाचा संपला! रेड ऑक्साइडचा हात मारा अन् तिथंच थांबा. लाल कंधारी तयार. वरच्या रंगाचे वाचलेले पैसे लातूरकरांच्या टँकरला.

काळी_माती
नुसत्या रेड ऑक्साइडवर उघड्यावर दोन पावसाळे निघाले तर नशीब. प्रायमर आहे तो, रंग नाही.

होल्डरवाला
हे मात्र बरोबर बोललात. टेंडरमध्ये रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली अन् पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात बांधलेली दाखवा. नसेल तर मीही बैलाच्या विरोधात सही करतो. पण "भंगाराला वेल्डिंग मारलं की झाली कला" म्हणणाऱ्यांच्या बाजूनं नाही.