एएचआय २२, काम ट्रक चालवण्याचं: सीपॅपऐवजी दातांवरची प्लेट चालेल का?

रावेर_केळीपट्टा
नमस्कार मंडळी. मोठ्या भावाचं वय ४८, रावेरहून दिल्लीकडे केळीची गाडी नेतात. घरी केलेल्या स्लीप टेस्टमध्ये एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा कमी होतो तो आकडा) २२ आला, रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्क्यांपर्यंत उतरतो. प्रकार ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास अडकतो. डॉक्टरांनी सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सांगितलं, पण निम्म्या रात्री केबिनमध्ये जातात आणि गावात लाइटचा भरवसा नाही. दाताचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी प्लेट करून देतात म्हणे. त्यांच्या दोन दाढा काढलेल्या आहेत, पुडी (गुटखा) खायचे, आता सोडली. प्लेट बसेल का? ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात बुडवून चावायची प्लेट आधी वापरून पाहावी का?

दंतवैद्य_जळगाव
भाऊ, १५ ते ३० एएचआय म्हणजे मध्यम. सीपॅप सोसत नसेल किंवा पेशंटला नकोच असेल, तर या टप्प्यात प्लेट हा मान्य उपचार आहे. आकडा खाली आणण्यात सीपॅप सरस, पण मशीन कपाटात आणि पेशंट घोरतोय, त्यापेक्षा रोज रात्री तोंडात राहणारी प्लेट बरी. खालचा जबडा पुढे धरला की त्याच्यासोबत जीभही पुढे येते आणि घशाची वाट मोकळी राहते.

तुमच्या प्रश्नात मला दाढांपेक्षा पुडीची जास्त काळजी वाटते. भावाला त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर गालाची आतली कातडी ताठ झालेली असू शकते, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस. मग मापाचा ट्रे आत जात नाही आणि जबडाही पुरेसा पुढे सरकत नाही. पुडी सोडली म्हणून हा ताठरपणा आपोआप जात नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. प्लेट करा अथवा नका करू, ही तपासणी याच आठवड्यात करा.

दोन दाढा नसल्याने फारसं अडत नाही. वर आणि खाली साधारण आठ-आठ घट्ट दात हवेत. पायरियाने हलणारे दात असतील तर प्लेटचा जोर त्यांच्यावर येऊन ते आणखी सैल होतात. राहिलेली फिलिंग, कॅप सगळं माप घेण्याआधी उरका. नंतर कॅप बसवली की प्लेट त्या दातावर बसतच नाही.

मापाच्या वेळी नुसते दातांचे साचे घेऊन भागत नाही. जबडा पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे किती जातो ते जॉर्ज गेज नावाच्या मोजपट्टीवर मोजतात. हे अंतर १० मिमी असेल तर सुरुवात ५-६ मिमीवर करायची. ५ मिमीसुद्धा जात नसेल तर प्लेटकडून फार अपेक्षा नको. पहिल्याच दिवशी पूर्ण पुढे ओढलं की कानापुढचा सांधा दुखतो आणि पेशंट चार दिवसांत प्लेट काढून ठेवतो. म्हणून वरची-खालची वेगळी, मध्ये स्क्रू किंवा पट्टे असलेली प्लेटच मागा. मग दर आठवड्याला पाव ते अर्धा मिमी पुढे न्यायचं. दुखलं तर एक पायरी मागे येऊन थांबायचं. एका फेऱ्याला स्क्रू किती सरकतो हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

गरम पाण्यातली प्लेट नको. ती नीट धरत नाही, झोपेत निघते, आणि बहुतेकींत जबडा मोजून पुढे नेता येत नाही. तिने गुण आला नाही म्हणून खरी प्लेटही चालणार नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नका.

स्लीपलॅब_धुळे
डॉक्टरांचं सगळं बरोबर, एक गोष्ट जोडतो. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं असं नाही. जबडा योग्य जागी आल्यावर प्लेट घालूनच पुन्हा स्लीप टेस्ट करा. घरच्या टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत, त्यामुळे एएचआय झोपेच्या नाही तर रेकॉर्डिंगच्या तासांवर निघतो. रात्रभर नीट झोप लागली नसेल तर खरा आकडा २२ पेक्षा जास्त असू शकतो.

दुसरी टेस्ट चांगली येईपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्या, आणि दिवसाही डुलकी येत असेल तर स्टेअरिंगला हातच लावू देऊ नका. दादा, यात तडजोड नको.

घरच्या रात्रींसाठी सीपॅप एवढ्यात मोडीत काढू नका. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीन फार वीज खात नाही, घरच्या चांगल्या इन्व्हर्टरवर रात्र निघते. घरी मशीन, गाडीत प्लेट असंही चालतं.

रावेर_केळीपट्टा
बोटं दोनच जातात. उद्याच तपासायला नेतो. प्लेट झालीच तर सांभाळायची कशी? आणि दात सरकतात असं ऐकलं, ते खरं का?

दंतवैद्य_जळगाव
दोन म्हणजे उशीर नको, न्याच उद्या.

सरकतात, पण हळूहळू, काही वर्षांत. वरचे पुढचे दात मागे झुकतात, खालचे पुढे येतात, कधी दाढा टेकेनाशा होतात. सकाळी प्लेट काढल्यावर चावा जुळत नाही, हे मात्र सुरुवातीपासूनच होतं. त्यासाठी प्लेटसोबत चाव्याचा छोटा ठसा करून मिळतो. तो १०-१५ मिनिटं दातांत धरून जबडा जागेवर आणायचा. हा रोजचा नेम चुकवू नये. सुरुवातीला लाळ जास्त सुटते, ती काही आठवड्यांत कमी होते. दर सहा महिन्यांनी दाखवायला या.

धुवायला साधं गार पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य साबण. टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यात घाण बसते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरतो, म्हणून शेवटी फिल्टरच्या पाण्यातून काढा. मे महिन्यात बंद केबिनमध्ये डॅशबोर्डवर ठेवली तर प्लेट वाकडी होते. भोकांच्या डबीत घालून कपड्यांच्या बॅगेत ठेवा. तडा गेला तर घरी फेविक्विक लावू नका, जोड उंच राहतो आणि सगळा जोर एकाच दातावर येतो.