एकतर्फी लोरा प्रसारण: कोडिंग रेट ४/८ करूनही पॅकेट गळतात, काय करावं?

करवीर_नोड
मंडळी, पन्हाळ्यावर लोराचा, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओचा, एक ट्रान्समीटर आहे (एसएक्स १२७६ रेडिओ चिप, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा, एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर ७, हा आकडा वाढला की प्रसारण संथ पण पोच जास्त, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ). खाली प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिये भागात ईएसपी ३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालणारे रिसीव्हर. पावसाळ्यात रोज एक बुलेटिन जातं: नदीची पातळी, बंद रस्ते आणि एक छोटा नकाशा. मिळून १० केबीच्या आसपास, म्हणजे २०० बाइटची ५२ पॅकेट. रिसीव्हर उलट काही पाठवत नाहीत, त्यामुळे राहिलेलं पॅकेट मागून घ्यायची सोय नाही. म्हणून पूर्ण फाइल लागोपाठ तीनदा सोडतो.

बऱ्या जागी ५ टक्के पॅकेट हरवतात, वाईट जागी २० टक्के, तीही सलग सात-आठच्या झुंडीनं. कोडिंग रेट (डेटाच्या दर ४ बिटांमागे एकूण किती बिट पाठवायचे) ४/५ चा ४/८ केला, फरक दिसेना. पाऊस वाढला की गळती वाढते. पॉवर वाढवू की अजून एकदा पाठवू?

गोंगाट_मोजणारा
४/८ नं फरक पडणार नव्हताच. ४/५ आणि ४/६ मध्ये चूक फक्त कळते, दुरुस्त होत नाही. ४/७ आणि ४/८ मध्ये प्रत्येक कोडवर्डमागे (डेटा आणि जादा बिटांच्या गटामागे) एक बिट सुधारतं. लोराचा इंटरलीव्हर (बिटं विखरून टाकणारा भाग) तिरका आहे, म्हणजे ४/८ ला आठ सिंबॉलचा (सिग्नलच्या आठ ठोक्यांचा) गठ्ठा घेऊन प्रत्येक सिंबॉलचं एक-एक बिट वेगवेगळ्या कोडवर्डमध्ये टाकतो. आठांतला एक सिंबॉल पूर्ण गेला तरी भागतं. पण एसएफ ७ ला सिंबॉल असतो १.०२४ मिलिसेकंदाचा! तुमची झुंड अडीच सेकंदांची आहे. तिथं हा कोड काय करणार?

शिवाय भुर्दंड बघा. हेडर धरून २०६ बाइटचं पॅकेट ४/५ ला ३२८ मिलिसेकंद हवेत असतं, ४/८ ला ५१२. जितका वेळ हवेत, तितकी दुसऱ्या कुणाच्या सिग्नलखाली सापडायची शक्यता जास्त. परत ४/५ करा आणि वाचलेला वेळ वरच्या थरात, पॅकेटांच्या पातळीवर खर्च करा.

गॅल्वा_फील्ड
बरोबर. सीआरसी (पॅकेट शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) चुकलेलं पॅकेट रिसीव्हर टाकून देतो, म्हणजे वरच्या थराला चूक दिसतच नाही, फक्त मोकळी जागा दिसते. कुठलं पॅकेट गेलं हे अनुक्रमांकावरून माहीत असतं, आणि माहीत असलेली जागा भरणं हे चूक शोधण्यापेक्षा स्वस्त काम आहे.

आता तीनदा पाठवण्याचा हिशोब. गळती २० टक्के धरली तर एखादं पॅकेट तिन्ही वेळा हरवण्याची शक्यता ०.००८. ५२ च्या ५२ मिळण्याची शक्यता ०.९९२ चा ५२ वा घात, म्हणजे साधारण ६६ टक्के. दर तिसरं बुलेटिन अपुरं! आणि एवढ्यासाठी १५६ पॅकेट सोडायची.

त्याऐवजी रीड-सोलोमन (हरवलेली पॅकेट गणितानं भरून काढणारा कोड) लावा: ५२ मूळ आणि २६ पॅरिटी, म्हणजे मूळांवरून काढलेली जादा पॅकेट, एकूण ७८. यांतली कुठलीही ५२ हाती लागली की फाइल पूर्ण. सरासरी साडेपंधरा जातील, सोसता येतात २६. गळती विखुरलेली असेल तर हजारात जेमतेम दोन-तीनदा फसेल, तेही निम्म्या हवाई वेळेत. मांडणी उभी करायची: प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट मिळून एक कोडवर्ड, दुसरा मिळून दुसरा, असे २०० कोडवर्ड. मोबाइल टीव्हीच्या डीव्हीबी-एच मध्ये २५५ आणि १९१ चा रीड-सोलोमन अशाच आडव्या-उभ्या पद्धतीनं वापरला होता.

झुंडीचं औषध वेगळं. पॅकेट सलग सोडू नका, दर ३ सेकंदांनी एक सोडा. अडीच सेकंदांच्या झुंडीत मग एखादंच सापडतं. गळतीची सरासरी तीच राहते, पण झुंड मोडते. ७८ पॅकेटना चार मिनिटं लागतील. तेवढा वेळ रिसीव्हर जागा ठेवावा लागतो, पण या रेडिओ चिपला ऐकताना ११-१२ मिलिअँपिअरच लागतात. मूळ ५२ आधी सोडा, म्हणजे ज्याला सगळी मिळाली तो पॅरिटीची वाट न बघता झोपू शकतो.

उसाच्या_वर_अँटेना
भावा, कोडिंग कराच, पण पावसाला उगाच दोष देऊ नका. ८६५ मेगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य असते. गळती वाढते ती ओल्या पानांनी आणि कनेक्टरात शिरलेल्या पाण्यानं. जुलै-ऑगस्टला ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, अँटेना त्याच्या शेंड्याच्या खाली असेल तर पॉवर वाढवून कितीसं मिळणार? आधी ती उसाच्या वर न्या, कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि केबलला आत शिरण्याआधी खाली लोंबती वळी द्या, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं. मग परत गळती मोजा. पॅरिटी किती हे सगळ्यात वाईट रिसीव्हरच्या आकड्यावरून ठरवायचं, सरासरीवरून नाही.

करवीर_नोड
अँटेना बघतो. ईएसपी ३२ ला हे डीकोडिंग झेपेल का? आणि फाउंटन कोड (हवी तितकी जादा पॅकेट बनवत राहणारा) का नको?

गॅल्वा_फील्ड
आरामात झेपेल. १६ पॅकेट गेली तर फक्त १६ बाय १६ चं मॅट्रिक्स उलटायचं. टेबल वापरून दीड-पावणेदोन लाख गुणाकार होतात, सेकंदही लागत नाही. रॅप्टरक्यू हा फाउंटन कोड चांगलाच आहे, पण तो पॅकेट २५५ च्या वर गेली की घ्या. ५२ साठी एवढा खटाटोप कशाला?

फसायच्या जागा मात्र आहेत. पॅरिटी काढायला एकक मॅट्रिक्सखाली नुसतं व्हँडरमाँड मॅट्रिक्स चिकटवलं तर काही ठरावीक पॅकेट गेल्यावर मॅट्रिक्स उलटतच नाही, आणि हे चाचणीत क्वचितच सापडतं. कॉशी मॅट्रिक्स घ्या. दोन्ही टोकांना बाइटांचा गुणाकार ठरवणारी एकच बहुपदी हवी, हेक्साडेसिमल ११डी. एईएस या एन्क्रिप्शनची ११बी उचललीत आणि लॉगचं टेबल २ पासून बांधलंत तर ५१ पायऱ्यांतच चक्र परत फिरतं नि सगळं बिघडतं, तिथं ३ लागतो. तिसरं, १६ बिटांची सीआरसी ६५,५३६ खराब पॅकेटांत एखादं आत सोडू शकते, आणि एक चुकीचं पॅकेट डीकोडिंगमध्ये पूर्ण नकाशा नासवतं. जोडलेल्या फाइलवर ३२ बिटांची सीआरसी ठेवा. ती जुळली नाही तर काहीच दाखवू नका.

गोंगाट_मोजणारा
एक राहिलं. नदीची पातळी त्या ५२ मध्ये कोंबू नका. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. हा आकडा नकाशा पूर्ण व्हायची वाट बघत बसता कामा नये. २० बाइटचं वेगळं पॅकेट करा, एसएफ १० वर, दर पाच मिनिटांनी. रिसीव्हर एका वेळी एकच एसएफ ऐकतो, तेव्हा त्याच्या ऐकायच्या वेळा, म्हणजे खिडक्या, घड्याळानं ठरवून द्या. ईएसपीचं घड्याळ सरकतं, म्हणून प्रत्येक पॅकेटात वेळ घाला आणि खिडकी दोन सेकंद आधी उघडा.